ओमेगा आणि मंडळी : एकपेशीय जीवांच्या मायटोकॉन्ड्रियात फिरणारा डीएनए

सूक्ष्मदर्शी (धागाकर्ता)

मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाचा, डीएनए म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर माणसाचा नमुना येतो. १६,५६९ बेस-जोड्यांचं (डीएनएच्या अक्षरांच्या जोड्यांचं) छोटं वर्तुळ, ३७ जनुकं, मध्ये मोकळी जागा जवळजवळ नाहीच. १९८१ मध्ये केंब्रिजला त्याचा पूर्ण क्रम वाचला गेला.

एकपेशीय जीवांकडे वळलं की तो नमुना टिकत नाही. बेकरीच्या यीस्टचा, म्हणजे सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसीचा मायटोकॉन्ड्रियल जीनोम ८६ हजार जोड्यांच्या आसपास. दुसऱ्या एका यीस्टचा, शायझोसॅकॅरोमायसिस पॉम्बेचा, १९ हजारांच्या थोडा वर. मलेरियाच्या परजीवीचा जेमतेम ६ हजार. आणि प्राण्यांच्या दूरच्या नात्यातल्या अमीबिडियम नावाच्या जीवाचा २ लाखांहून जास्त, तोही शेकडो सुट्या रेषीय तुकड्यांत विभागलेला. या सगळ्यांच्या मायटोकॉन्ड्रियाचं मुख्य काम एकच आहे, मग मापात एवढी तफावत का?

माझं म्हणणं सरळ आहे. कोणत्या जीवाला किती डीएनए 'लागतो' या बाजूने पाहिलं तर या तफावतीचं कोडं सुटत नाही. स्वतःच्या प्रती वाढवण्यापलीकडे काही न करणारे तुकडे कुठे शिरले, कुठे टिकले आणि कुठे त्यांची वाट बंद झाली, या बाजूने पाहिलं तर बरंच उलगडतं.

सगळ्यात चांगलं उदाहरण ओमेगाचं. १९७० च्या सुमारास फ्रान्समध्ये जीफ-सुर-इव्हेत इथे प्योत्र स्लोनिम्स्की यांच्या प्रयोगशाळेत यीस्टचे संकर चालले होते. यीस्टमध्ये दोन पेशी एकत्र आल्या की दोघींचे मायटोकॉन्ड्रिया नव्या पेशीत येतात, डीएनए एकमेकांत मिसळतो. क्लोरॅम्फेनिकॉल, एरिथ्रोमायसिन अशा प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या खुणा घेऊन कोणाचा डीएनए पुढच्या पिढीत किती जातो हे मोजलं जात होतं. अपेक्षा अशी की दोन्ही बाजूंचा वाटा साधारण सारखा पडेल. पण काही संकरांमध्ये डीएनएच्या एका ठरावीक भागातल्या खुणा सतत एकाच बाजूकडून पुढे जात होत्या, आणि त्या जागेच्या जितकं जवळ जावं तितका हा कल तीव्र. त्या जागी जे काही होतं त्याला नाव पडलं ओमेगा. ज्या जातकुळीत ते आहे ती ओमेगा-धन, नाही ती ओमेगा-ऋण. दोघींचा संकर केला की जवळजवळ सगळी संतती ओमेगा-धन.

हे घडतं कसं ते समजायला आणखी पंधरा वर्षं लागली. ओमेगा हा एक इन्ट्रॉन आहे, म्हणजे जनुकाच्या मधोमध बसलेला जादा तुकडा. तो मायटोकॉन्ड्रियाच्या मोठ्या रायबोसोमल आरएनएच्या (प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमचा भाग असलेल्या आरएनएच्या) जनुकात बसलेला आहे. त्याच्या पोटात एका प्रथिनाचा मजकूर आहे. हे प्रथिन म्हणजे डीएनए कापणारं एन्झाइम, आज त्याला आय-एससीई-१ म्हणतात. ते १८ जोड्यांचा एक विशिष्ट क्रम ओळखतं. तो क्रम असतो नेमका तिथे, जिथे इन्ट्रॉन अजून शिरलेला नाही. ओमेगा-धन डीएनएत इन्ट्रॉनने तोच क्रम मधोमध तोडलेला असतो, त्यामुळे स्वतःच्या प्रतीला एन्झाइमपासून धोका नाही. ओमेगा-ऋण डीएनए मात्र कापला जातो. पेशी ती जखम दुरुस्त करते. दुरुस्तीसाठी शेजारच्या अखंड प्रतीवरून मजकूर उतरवून घेते, आणि त्या प्रतीत इन्ट्रॉन आहेच. दुरुस्ती संपते तेव्हा इन्ट्रॉन दोन्ही ठिकाणी असतो. उतरवताना आजूबाजूचा मजकूरही थोडा सोबत येतो. प्रतिजैविकांच्या त्या खुणा एकाच बाजूकडून जात होत्या त्या म्हणूनच.

बर्नार्ड दुजाँ आणि सहकाऱ्यांनी १९८५-८६ मध्ये हे दाखवून दिलं. त्यात एक अडचण अशी होती की यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियाची जनुकीय लिपी नेहमीच्या लिपीहून थोडी वेगळी आहे. इतरत्र जो शब्द 'थांब' सांगतो तो तिथे एका अमिनो आम्लाचा असतो. म्हणून त्यांनी इन्ट्रॉनमधला मजकूर नेहमीच्या लिपीत बदलून घेतला, ई. कोलाय बॅक्टेरियात टाकला, आणि तयार झालेलं प्रथिन खरोखर डीएनए कापतं हे पाहिलं. मला हा प्रयोग फार देखणा वाटतो.

या सगळ्यात यीस्टचं नुकसान का होत नाही? कारण इन्ट्रॉन आरएनएच्या पातळीवर कापून बाहेर टाकला जातो आणि उरलेली टोकं जोडली जातात. रायबोसोमल आरएनए शेवटी शाबूत राहतो. पसरायचं पण यजमानाला फारसं कळू द्यायचं नाही, हे ज्याला जमलं तो टिकला.

पुढे काय होतं ते आणखी रोचक आहे, प्रतिसादांत लिहितो.

मेधा_क

सुरेख धागा! एक शंका. सगळ्यांमध्ये ओमेगा पसरून झाला की एन्झाइमला कापायला जागाच उरणार नाही. मग पुढे?

सूक्ष्मदर्शी

मेधाताई, नेमका हाच प्रश्न विचारायला हवा.

कापायला जागा उरली नाही की एन्झाइम नीट चालतंय का यावर निवडीचा दबाव राहत नाही. त्याच्या जनुकात उत्परिवर्तनं साचू लागतात आणि ते निकामी होतं. इन्ट्रॉन तसाच राहतो, पण आता तो पसरू शकत नाही. मग कधीतरी एखाद्या पेशीत तो नेमका गळून पडतो. तो गळला की १८ जोड्यांची मूळ जागा पुन्हा अखंड होते, म्हणजे पुन्हा हल्ल्याला मोकळी. दुसऱ्या प्रजातीतून चालू स्थितीतला ओमेगा आला की चक्र पुन्हा सुरू.

गॉडर्ड आणि बर्ट यांनी १९९९ मध्ये यीस्टच्या २० प्रजाती तपासून हे मांडलं. काहींत चालू एन्झाइम असलेला इन्ट्रॉन, काहींत मोडकं एन्झाइम असलेला, काहींत इन्ट्रॉन नाहीच. आणि या तीन अवस्था प्रजातींच्या वंशवृक्षावर अशा विखुरलेल्या आहेत की आडव्या मार्गाने, म्हणजे प्रजाती ओलांडून, वारंवार प्रवेश झाला असं धरल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. कोणत्याही एका प्रजातीत ओमेगाचं मरण ठरलेलं आहे. तो जगतो तो पुढच्या घरात शिरून.

घनमूळ

पसरण्याचा वेग सहज काढता येतो, म्हणून लिहितोय. समजा समागम यादृच्छिक आहे आणि ओमेगा-धन × ओमेगा-ऋण या संकराची सगळी संतती धन होते. मग पुढच्या पिढीत ऋण राहायला दोन्ही पालक ऋण असावे लागतात. म्हणजे ऋण असण्याचं प्रमाण दर पिढीला स्वतःच्या वर्गाइतकं होतं.

सुरुवातीला १ टक्का धन, ९९ टक्के ऋण. ऋणाचं प्रमाण असं जातं : ०.९९, ०.९८, ०.९६, ०.९२, ०.८५, ०.७२, ०.५३, ०.२८, ०.०८, ०.००६. नवव्या पिढीत ९९ टक्क्यांहून जास्त धन. आणि यजमानाला काडीचाही फायदा झालेला नाही. मेंडेलच्या नियमाने वागणाऱ्या आणि फायदा-तोटा काहीच नसलेल्या जनुकाला हे कधीच जमणार नाही. त्याचं प्रमाण १ टक्क्याच्या आसपास घुटमळेल आणि बहुतेक वेळा नाहीसं होईल.

यातल्या पिढ्या लैंगिक पिढ्या आहेत हे महत्त्वाचं. यीस्ट बहुतेक काळ मुकुलनाने, म्हणजे पेशीला कोंब फुटून, वाढतं, संकर अधूनमधून होतो.

सूक्ष्मदर्शी

घनमूळ, आभार. तुमच्या शेवटच्या वाक्याला जोडून एक सांगतो. यजमानाचं थोडं नुकसान होत असेल तरी हे गणित फारसं बदलत नाही, इतका हा कल जोरदार असतो. उलट लैंगिक पिढ्या अगदी विरळ झाल्या तर मात्र बदलतं, कारण मधल्या असंख्य मुकुलनांमध्ये ते छोटं नुकसान साठत जातं.

पाणकावळा

मला हे पूर्ण पटत नाही. एवढी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली गोष्ट निरुपयोगी कशी असेल? निसर्ग काही फुकट सांभाळत नाही. २०१८ च्या एका अभ्यासात यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियातले सगळे इन्ट्रॉन काढल्यावर पेशीचं वागणं बदलल्याचं दिसलं होतं. मायटोकॉन्ड्रियाचं प्रमाण आणि श्वसन वाढलं. म्हणजे इन्ट्रॉन काहीतरी नियंत्रण करत असणारच ना?

किण्व

पाणकावळा, अभ्यास बरोबर सांगितलात, पण त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे.

आधी जुनी गोष्ट. १९८७ मध्येच यीस्टची अशी जात तयार केली गेली जिच्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएत एकही इन्ट्रॉन नाही. ती जगली, श्वसन करत राहिली. जगण्यासाठी इन्ट्रॉन अत्यावश्यक असते तर हे शक्य नव्हतं.

आता २०१८. इन्ट्रॉन कापण्याचं काम संथ आणि अपुरं असतं. त्यामुळे सायटोक्रोम-बी आणि सायटोक्रोम ऑक्सिडेज-१ ही श्वसनाला लागणारी प्रथिनं एका मर्यादेत तयार होतात, आणि बाकी पेशी त्या मर्यादेशी जुळवून घेऊन बसली आहे. अडथळा काढला की तोल बदलणारच. पण 'आज काढलं तर फरक पडतो' आणि 'त्या कामासाठी आलं होतं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाहुणा आला, यजमानाने घराची मांडणी त्याच्याभोवती बदलली, एवढ्यावरून त्याला बोलावलं होतं असं म्हणता येत नाही.

याहून चांगला पुरावा मॅच्युरेजचा आहे. काही इन्ट्रॉनच्या पोटातलं प्रथिन डीएनए कापत नाही, ते इन्ट्रॉनलाच आरएनएमधून बाहेर पडायला मदत करतं. त्याला मॅच्युरेज म्हणतात. यीस्टच्या सायटोक्रोम-बी जनुकातल्या चौथ्या इन्ट्रॉनचं मॅच्युरेज स्वतःच्या इन्ट्रॉनसोबत दुसऱ्याच जनुकातला, ऑक्सिडेज-१ मधला चौथा इन्ट्रॉनही बाहेर काढायला लागतं. म्हणजे एका जनुकातल्या इन्ट्रॉनमध्ये बिघाड झाला की दोन जनुकं बंद. सुरुवातीला हे पाहून लोक चक्रावले होते. मॅच्युरेज हे कापणाऱ्या एन्झाइमच्याच घराण्यातलं आहे, दोघांत तीच ओळखीची अमिनो आम्लांची साखळी सापडते. पसरायला जागा उरली नसेल, पण इन्ट्रॉनला स्वतः नीट बाहेर पडण्यासाठी ते प्रथिन लागत असेल, तर ते मोडू शकत नाही, कारण मोडलं तर यजमान श्वसन करू शकणार नाही. स्वार्थी घटकाने मरणाच्या चक्रातून काढलेली ही पळवाट आहे.

पाणकावळा

हे छान समजावलंत. म्हणजे गरज नंतर निर्माण झाली.

सूक्ष्मदर्शी

होय. आणि एकदा निर्माण झाली की ती सहज उलटवता येत नाही. १९९० च्या दशकापासून मायकेल ग्रे, फोर्ड डूलिटल आणि इतरांनी हा विचार नीट मांडला आहे : गुंतागुंत वाढायला ती उपयोगी असावी लागत नाही, परत फिरण्याची वाट बंद झाली की पुरे.

रानमोगरा

परजीवींवर काम करते म्हणून विचारते. ट्रिपॅनोसोमा आणि लिशमेनिया या एकपेशीय परजीवींच्या कायनेटोप्लास्टचा, म्हणजे त्यांच्या मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएच्या जाळ्याचा, उल्लेख अजून कसा नाही? एकाच मायटोकॉन्ड्रियात डीएनएच्या हजारो छोट्या कड्या आणि काही डझन मोठ्या कड्या एकमेकींत अडकवलेल्या, साखळीच्या चिलखतासारख्या. मोठ्या कड्यांवर जनुकं, पण ती अपूर्ण. त्यांच्या आरएनएत नंतर यू हे अक्षर घुसवून किंवा काढून मजकूर पुरा केला जातो. १९८६ मध्ये ॲमस्टरडॅमला रॉब बेने यांच्या गटाने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चारच यू होते. दोन वर्षांनी ट्रिपॅनोसोमा ब्रुसीच्या ऑक्सिडेज-३ चा आरएनए वाचला तर ५४७ यू घुसवलेले आणि ४१ काढलेले! तयार आरएनएचा निम्म्याहून जास्त भाग डीएनएत नाहीच. कुठे काय घालायचं हे सांगणारे छोटे मार्गदर्शक आरएनए बहुतेक छोट्या कड्यांवरून येतात.

हाही फिरत्या घटकांचाच खेळ म्हणायचा का?

सूक्ष्मदर्शी

रानमोगरा, तुमच्या प्रतिसादाने धाग्याची उंची वाढली.

पण उत्तर 'नाही' असं देईन. छोट्या कड्या एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारत नाहीत आणि दुसऱ्याच्या डीएनएत शिरत नाहीत. हे संपादन न परतणाऱ्या गुंतागुंतीचं उदाहरण आहे, फिरत्या घटकाचं नाही. आधी आरएनए दुरुस्त करू शकणारी यंत्रणा योगायोगाने हाताशी होती. तिच्या आधारावर डीएनएत चुका खपू लागल्या. चुका इतक्या साचल्या की यंत्रणेशिवाय चालेना. इथे परिणाम इन्ट्रॉनसारखा दिसतो, कारण वेगळं आहे. दोन्ही एकाच टोपलीत टाकले तर दोन्हीही समजणार नाहीत, म्हणून हा भेद मी धरून ठेवतो.

याच नात्यातला डिप्लोनेमा मात्र जरूर पाहा. त्याच्या ऑक्सिडेज-१ चं जनुक नऊ तुकड्यांत, प्रत्येक तुकडा वेगळ्या वर्तुळाकार गुणसूत्रावर. नऊ आरएनए वेगवेगळे बनतात, मग जोडले जातात, आणि एका सांध्यात सहा यू घालावे लागतात. माँट्रियलच्या गर्ट्राउड बर्गर यांच्या गटाने २००७ मध्ये हे प्रसिद्ध केलं. तिथे ओळखीचे इन्ट्रॉन सापडत नाहीत, तुकडे जोडण्याची पद्धतच निराळी आहे.

मेधा_क

मग माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात इन्ट्रॉन का नाहीत? आणि मलेरियाच्या परजीवीत?

किण्व

मुख्य अडथळा भेटीचा आहे. ओमेगाला पसरायला दोन वेगळ्या वंशांचे मायटोकॉन्ड्रियल डीएनए एकाच जागी यावे लागतात. यीस्टमध्ये दोन्ही पालकांचे मायटोकॉन्ड्रिया येतात, एकमेकांत विलीन होतात, डीएनए शेजारी येतो. माणसात ते जवळजवळ फक्त आईकडून येतात. मलेरियाच्या परजीवीतही मादी युग्मकाकडूनच येतात. मग घटक कितीही आक्रमक असो, त्याला नवा डीएनए भेटणारच नाही. आहे त्या वंशात तो राहील, मोडेल, गळेल.

प्लाझमोडियमच्या, म्हणजे याच मलेरियाच्या परजीवीच्या, ६ हजार जोड्यांत प्रथिनांची तीनच जनुकं उरली आहेत आणि रायबोसोमल आरएनए तुकड्या-तुकड्यांत विखुरलेला आहे. एवढ्या लहान जीनोममध्ये इन्ट्रॉनला जागा नाही म्हणणं सोपं आहे, पण जागा हे कारण नव्हे. आत शिरण्याची वाटच बंद आहे.

सगळे प्राणी मात्र इन्ट्रॉनमुक्त नाहीत. मेट्रिडियम या समुद्रफुलात आणि काही स्पंजांत ऑक्सिडेज-१ मध्ये गट-१ चे, म्हणजे ओमेगाच्या प्रकारचे, इन्ट्रॉन आहेत. प्राण्यांचा एकपेशीय नातेवाईक मोनोसिगा, त्याचा मायटोकॉन्ड्रियल जीनोम ७६ हजारांच्या वर आहे. म्हणजे आपली आटोपशीर १६ हजारांची रचना नंतरची, मूळची नव्हे.

रानमोगरा

ऑक्सिडेज-१ चं नाव परत परत येतंय. सगळे इन्ट्रॉन तिथेच का जातात?

सूक्ष्मदर्शी

कापणारं एन्झाइम लांबलचक क्रम ओळखतं. असा क्रम नवीन यजमानात सापडण्याची शक्यता तेव्हाच, जेव्हा तो प्रजाती बदलली तरी फारसा बदलत नाही. ऑक्सिडेज-१ हे मायटोकॉन्ड्रियातलं सर्वांत जपून राहिलेलं जनुक आहे. त्याच्या सक्रिय केंद्राभोवतीची अमिनो आम्लं बदलली तर श्वसन थांबतं, म्हणून तिथला डीएनए बुरशीपासून वनस्पतीपर्यंत बराचसा सारखाच. घटकाने यजमानाच्या सर्वांत हळव्या जागेला लक्ष्य केलं की त्याच्या लक्ष्याची राखण यजमान स्वतःच करतो.

बहुतेक एन्झाइमं तिथेही थोडी सवलत देतात. प्रथिनात फरक न पाडणारे बदल, म्हणजे कोडॉनच्या (एका अमिनो आम्लासाठीच्या तीन अक्षरी शब्दाच्या) तिसऱ्या अक्षरातले, ती चालवून घेतात. त्यामुळे प्रजाती ओलांडणं आणखी सोपं होतं. सपुष्प वनस्पतींच्या ऑक्सिडेज-१ मध्ये असाच एक इन्ट्रॉन वेगवेगळ्या वंशांत पुन्हा पुन्हा शिरल्याचं जेफ्री पामर यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवलं, आणि त्याचं मूळ बुरशीत आहे.

घनमूळ

भेटीचा अडथळा ओलांडणारा कोणी आहे का? एकाच पालकाकडून वारसा असतानाही पसरणारा?

सूक्ष्मदर्शी

आहे, आणि या धाग्यात मला सगळ्यात जास्त सांगायची इच्छा होती ती हीच गोष्ट.

फायसॅरम पॉलिसिफॅलम. ओलसर कुजक्या लाकडावर पसरणारी पिवळी श्लेष्म-बुरशी. नावात बुरशी, नात्याने अमीबांच्या बाजूची. तिची पसरलेली अवस्था म्हणजे हजारो-लाखो केंद्रकं असलेली एकच पेशी. दोन सूक्ष्म अमीबासारख्या पेशी एकत्र येऊन तिची सुरुवात होते. दोघींचे मायटोकॉन्ड्रिया आत येतात खरे, पण थोड्याच वेळात एका पालकाच्या मायटोकॉन्ड्रियातला डीएनए पद्धतशीर नष्ट केला जातो, रिकामे मायटोकॉन्ड्रिया मागे राहतात. एका पालकाचाच वारसा, अगदी कडक.

काही जातींच्या मायटोकॉन्ड्रियात मात्र मुख्य डीएनएशिवाय एक रेषीय प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचा वेगळा सुटा तुकडा, असतो, सुमारे साडेचौदा हजार जोड्यांचं. जपानी संशोधकांनी १९९१ च्या सुमारास त्याचं वर्णन केलं, नाव एमएफ. ते ज्या मायटोकॉन्ड्रियात असतं ते मायटोकॉन्ड्रिया इतरांशी विलीन होतात. एरवी फायसॅरमचे मायटोकॉन्ड्रिया असं करत नाहीत. विलीन झाल्यावर प्लाझ्मिड दुसऱ्या बाजूच्या मायटोकॉन्ड्रियात पोहोचतं, आणि ज्या पालकाचा डीएनए नष्ट व्हायचा असतो त्याच्याकडून आलेलं असलं तरी ते पुढे जातं. शिवाय प्लाझ्मिड आणि मुख्य डीएनए यांच्यात एक सारखा क्रम आहे, तिथे दोघांची सांधेबदल होते आणि काही वेळा मुख्य डीएनएची रचनाच बदलते.

ओमेगाला यजमानाने भेट घडवून द्यावी लागते. एमएफ ती भेट स्वतः घडवून आणतं. मायटोकॉन्ड्रियाच्या बाह्य वागण्यावर, त्यांच्या पडद्यांवर ताबा मिळवणारा डीएनएचा तुकडा! एका पालकाचाच वारसा का उत्क्रांत झाला याची जी अनेक कारणं मांडली जातात, त्यात असल्या घटकांना आवर घालणं हे एक प्रमुख कारण आहे. फायसॅरममध्ये तो आवर आणि तो तोडणारा, दोघंही एकाच पेशीत पाहायला मिळतात.

घनमूळ

वाचून थोडा वेळ थांबलो. अप्रतिम.

मेधा_क

+१. यीस्टच्या ८६ हजारांत सगळे इन्ट्रॉनच आहेत का?

किण्व

नाही, इन्ट्रॉनचा वाटा एक चतुर्थांशाच्या आतच. बाकीचा मोठा भाग जनुकांमधले ए आणि टी यांनी भरलेले लांब पट्टे. त्यात ठिकठिकाणी जी आणि सी यांचे छोटे गुच्छ, सुमारे दोनशे. हे गुच्छ काही डझन अक्षरांचे, कोणत्याही प्रथिनाचा मजकूर नाही, स्वतःवर घडी घालून केसपिनेसारखा आकार घेतात. आणि तेही फिरतात. व्हार-१ जनुकात ४६ जोड्यांचा एक गुच्छ काही जातींत आहे, काहींत नाही. संकर केला की तो नसलेल्या बाजूकडे जास्त करून पोहोचतो. यंत्रणा ओमेगाची, पण स्वतःचं एन्झाइम नाही.

गट-२ च्या इन्ट्रॉनबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण आतापर्यंत बोललो ते गट-१ बद्दल. यीस्टच्या ऑक्सिडेज-१ मधले पहिले दोन इन्ट्रॉन गट-२ चे. ते दुसऱ्या रस्त्याने जातात. आरएनएमधून सुटलेला इन्ट्रॉन स्वतःच उलट दिशेने नव्या डीएनएत घुसतो आणि मग त्याच्याच पोटातलं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, म्हणजे आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम, त्याची डीएनए प्रत बनवतं. १९९५ मध्ये हे स्पष्ट झालं. असले इन्ट्रॉन बॅक्टेरियांत भरपूर आहेत. मायटोकॉन्ड्रियाचा पूर्वज बॅक्टेरिया पेशीत आला तेव्हा ते त्याच्यासोबत आले, तिथून केंद्रकात पसरले, आणि आपल्या केंद्रकातले लाखो इन्ट्रॉन आणि ते कापणारी यंत्रणा त्यांच्यातून निघाली, ही मांडणी आज बहुतेक अभ्यासक मान्य करतात.

रानमोगरा

इन्ट्रॉन स्वतःच कापून बाहेर पडतो हे टेट्राहायमेना या एकपेशीय जीवामुळे कळलं ना?

किण्व

हो. थॉमस चेक, १९८२. तो गट-१ चा इन्ट्रॉन होता, पण केंद्रकातल्या रायबोसोमल जनुकातला. प्रथिनाशिवाय आरएनए रासायनिक क्रिया घडवतो हे त्यातून कळलं आणि १९८९ चं रसायनशास्त्राचं नोबेल चेक आणि सिडनी ऑल्टमन यांना मिळालं.

पाणकावळा

सध्या वाचत असलेली एक गोष्ट टाकतो, कारण इथे बसते. मॅग्नुसिओमायसिस कॅपिटॅटस या यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियल जनुकांमध्ये ८१ छोटे घुसलेले तुकडे सापडले, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. ते आरएनएमधून कापलेच जात नाहीत! मग प्रथिन बरोबर कसं बनतं?

सूक्ष्मदर्शी

रायबोसोम त्यांच्यावरून उडी मारतो. तुकड्याच्या आधीच्या कोडॉनशी आला की वाचणं थांबवतो, मधली काही डझन अक्षरं ओलांडतो आणि पलीकडे पुन्हा सुरू करतो. त्याआधी अशी उडी टी-४ या विषाणूच्या एकाच जनुकात नीट अभ्यासली गेली होती, ५० अक्षरांची. इथे एकाच जीनोममध्ये ८१ ठिकाणी.

ओमेगा आरएनए कापला जाण्याच्या पायरीवर लपतो, हे तुकडे त्याच्या पुढच्या, प्रथिन बनण्याच्या पायरीवर. ते एकमेकांशी इतके सारखे आहेत की एकाच मुळापासून पसरले असणार. रायबोसोमला उडी मारायची सवय आधी लागली असली पाहिजे, कारण ती नसती तर पहिलाच तुकडा ज्या जनुकात पडला ते जनुक बंद पडलं असतं. किण्व, तुमच्याकडे त्या यीस्टच्या जवळच्या प्रजातींचे क्रम असतील तर टाका, कोणत्या फांदीवर पहिला तुकडा दिसतो ते इथेच पाहू.